दोन बोर्ड झाले, प्रोसेसर मात्र तोच

"नमस्कार ताई. मी सांगलीचा, वय २३. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, उरलेल्या वेळात गेम खेळतो. माझी बचत आणि बाबांनी दिलेले पैसे मिळून मोठा पीसी असेंबल केला. चौदाव्या पिढीचा आय९-१४९००के, ३२ जीबी रॅम, १६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि दहा वर्षं बघायला नको म्हणून ६२ हजारांचा झेड७९० मदरबोर्ड. सुरुवातीचे महिने मशीन सुसाट चाललं. मग गेम सुरू होतानाच 'व्हिडिओ मेमरी संपली' असा मेसेज येऊन बंद पडायला लागले. पुढे एक्स्पोर्टही अर्ध्यावर तुटू लागले. दुकानदार म्हणाला, बोर्ड गेला. सर्व्हिस सेंटरने दीड महिन्याने बदलून दिला. त्यावर सगळं पुन्हा जोडलं आणि महिन्याभरात तेच. आता दुकानदार म्हणतो हे मॉडेलच खराब, वरचं घे, ९० हजारांचं. शिवाय 'तू ओव्हरक्लॉक केलंस म्हणून झालं', म्हणजे मी प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेपलीकडे पळवला, असंही ऐकवतो. मी फक्त एक्सएमपी, म्हणजे रॅमला जाहिरातीतला वेग देणारी सेटिंग, चालू केलं होतं. बाबा नीट बोलत नाहीत. एवढा महाग बोर्ड असा कसा निघतो? ९० हजार घालू का?"

तुझं पत्र वाचलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण दुकानदाराने तुला घाईवर घातलेलं दिसतंय. ९० हजारांचा बोर्ड घेऊ नकोस. पुढचे आठ-दहा दिवस या मशीनवर एक रुपयाही खर्च करू नकोस.

पत्रात एक गोष्ट तू ओघात लिहून गेलास आणि माझी नजर तिथेच अडकली. नवा बोर्ड आला, त्यावर "सगळं पुन्हा जोडलं", आणि दुखणं परत आलं. दोन वेगळे बोर्ड एकाच पद्धतीने बिघडत असतील, तर दोघांना समान काय होतं ते बघायला हवं. प्रोसेसर तोच, रॅम तीच, मशीनला वीज पुरवणारा एसएमपीएस तोच आणि घरातली वीजही तीच. यातला माझा पहिला संशय प्रोसेसरवर आहे. बोर्डाची कंपनी तू कळवली आहेस, ती मी इथे छापत नाही, कारण जे सांगणार आहे ते त्या एका कंपनीपुरतं नाही.

आधी तो मेसेज. तुझ्या कार्डात १६ जीबी मेमरी आहे आणि गेम सुरू होतानाच ती संपणं शक्य नाही. अनरियल इंजिनवर बनलेले गेम सुरुवातीला शेडर नावाचे हजारो छोटे प्रोग्रॅम दाबून भरलेल्या फाइलींतून उलगडतात आणि तयार करतात. हे काम प्रोसेसरचं. त्या वेळी त्याचे सगळे कोअर एकदम जुंपलेले असतात. तिथे हिशेबात एका बिटाची चूक झाली, की पुढे मागितलेला आकडाच भलता येतो आणि गेम समजतो मेमरी पुरत नाही. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या आय९ वर हा प्रकार इतका वाढला, की एप्रिल २०२४ मध्ये ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरच्या माहितीत अशा ग्राहकांना सरळ इंटेलकडे, म्हणजे प्रोसेसरच्या कंपनीकडे, जायला सांगितलं. फाइली उलगडण्याचं ऊडल हे तंत्र बनवणाऱ्या रॅडनेही, हा दोष आमच्या सॉफ्टवेअरमधला नाही, असं लिहून ठेवलं.

पुढे जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की या दोन पिढ्यांतले काही प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. सप्टेंबरमध्ये सविस्तर खुलासा आला. कोअरच्या आत घड्याळाचा ठोका वाटणारं जे सर्किट असतं, ते जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान यांत वेळेआधी झिजतं. झिजलं की आधी ज्या व्होल्टेजवर कोअर नीट चालायचा, ते त्याला पुरत नाही. म्हणून मशीन पहिले काही महिने उत्तम चालतं आणि मग कुरकुरायला लागतं. तुझी कहाणी याच क्रमाने घडली आहे.

यावर इंटेलने मायक्रोकोडचे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचनांचे, उपाय टप्प्याटप्प्याने दिले. जून २०२४ मध्ये ०एक्स१२५, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आणि मे २०२५ मध्ये ०एक्स१२एफ. हे सगळे बोर्डाच्या नव्या बायोसमधून, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डातल्या सॉफ्टवेअरमधून, येतात. पण झिजलेला प्रोसेसर त्यांनी बरा होत नाही, पुढची झीज तेवढी रोखली जाते. दुकानदाराने बायोस अपडेट करून "आता झालं" म्हटलं असेल, तरी चिप आधीच खराब झालेली असेल तर दुखणं राहणारच.

आता तू म्हणशील, मग बोर्ड निर्दोष? नाही. तुझ्यासारख्या ग्राहकांना हेच कुणी नीट सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबते.

इंटेलने त्या खुलाशात चार कारणं दिली. त्यातलं पहिलंच असं, की मदरबोर्डाची वीजपुरवठ्याची सेटिंग इंटेलने सांगितलेल्या मर्यादेबाहेर होती. १४९००के या चिपची कमाल मर्यादा २५३ वॉट आहे. पण महागड्या गेमिंग बोर्डांवर, डबा उघडून पहिल्यांदा चालू केल्यावरच, ही मर्यादा ४०९६ वॉट अशी भरलेली असायची. म्हणजे मर्यादाच नाही. विजेच्या प्रवाहाची हद्द उघडी, तापमान वाढल्यावर आवर घालणाऱ्या काही सोयी बंद आणि मल्टीकोअर एन्हान्समेंटसारख्या नावाचा पर्याय आधीपासून चालू. ग्राहकाने बायोसमध्ये पाऊलही टाकलेलं नसताना मशीन ठरलेल्या मर्यादेच्या पलीकडे धावत असतं. तुझा दुकानदार "तू ओव्हरक्लॉक केलंस" म्हणतो, तेव्हा त्याला विचार: डब्यातून निघालेल्या सेटिंगवर मशीन चालवणं हा ग्राहकाचा गुन्हा कसा?

कंपन्या असं का करतात, हे कळायला फार खोलात जावं लागत नाही. झेड७९० चा चिपसेट, म्हणजे बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप, वीस हजारांच्या बोर्डावर तोच आणि साठ हजारांच्या बोर्डावरही तोच. प्रोसेसरही तोच. मग परीक्षणांतल्या तक्त्यात आपला महाग बोर्ड वर कसा दिसणार? लगाम सैल सोडून. दोन-तीन टक्क्यांचा वेग वाढतो, तक्त्यात नाव वर जातं आणि झीज मात्र ग्राहकाच्या घरी होते. मला याचा राग आहे, आणि तुझ्यासारखी पत्रं वाचून तो वाढतो. एप्रिल-मे २०२४ नंतर बोर्ड कंपन्यांना इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज हा पर्याय बायोसमध्ये द्यावा लागला. तोवर लाखमोलाची मशीनं अनेक महिने बेलगाम चालली होती.

"एवढा महाग बोर्ड असा कसा निघतो" याचं उत्तर इथेच आहे. तू ६२ हजार टिकाऊपणासाठी दिलेस, पण बोर्डाची किंमत ठरली होती वेगावर आणि सोयींवर. शर्यतीच्या खिलार बैलाला औताच्या बैलापेक्षा कितीतरी जास्त मोल येतं, पण तो जास्त वर्षं नांगर ओढेल असं धरून कुणी तो घेत नाही. त्या पैशात तुला वीसेक फेजची (फेज म्हणजे इथे विजेचा भार वाटून घेणारा एकेक भाग) वीजपुरवठा यंत्रणा मिळाली, चार-पाच एम.२ स्लॉट, वेगवान लॅन, वायफाय, थंडरबोल्ट, जाडजूड हीटसिंक आणि बिघाडाचा कोड दाखवणारा छोटा आकडेफलक. यातलं बरंच कामाचं आहे, ते मी नाकारत नाही. चांगली वीजयंत्रणा खरोखर थंड राहते. रॅम किंवा प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस भरण्याचं बटण वेळेला सगळं मशीन वाचवतं. पण दर वाढीव चिप, दर वाढीव स्लॉट म्हणजे बोर्डावर आणखी एक गोष्ट, जिचं फर्मवेअर चुकू शकतं, जिचा टाका सुटू शकतो, जिचं दुसरीशी पटत नाही.

रॅमचंच बघ. चार स्लॉट दिसले की माणूस चारही भरतो. डीडीआर५ मध्ये चार पट्ट्या लावल्या की नियंत्रकावरचा भार वाढतो आणि भरवशाचा वेग खूप खाली येतो. म्हणून निव्वळ विक्रमी वेगासाठी बनवलेले काही अतिमहाग बोर्ड दोनच स्लॉट ठेवतात. तुझ्या ३२ जीबीच्या दोन पट्ट्या असतील अशी आशा करते. चार असतील तर चाचणीच्या वेळी दोन काढून ठेव. आणि एक्सएमपीबद्दल स्पष्ट सांगते: ते चालू करणं यात तुझी काही चूक नाही, डब्यावर ती जाहिरात म्हणूनच छापलेली असते. पण या चिपचा अधिकृत रॅमवेग ५६०० आहे. तुझी रॅम ७२०० ची असेल तर तो वेग मिळणं कुणी हमीने लिहून दिलेलं नाही.

कारखान्यातली साधी चूक महाग बोर्डालाही होते. २०२१ च्या शेवटी आसूसच्या आरओजी मॅक्सिमस झेड६९० हिरो या बोर्डाचं प्रकरण झालं. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ६०० डॉलर. लोकांचे बोर्ड ५३ हा कोड दाखवून बंद पडू लागले, काहींचे जळाले. जळक्या आणि चांगल्या बोर्डांचे फोटो शेजारी ठेवून बघणाऱ्यांच्या लक्षात आलं, की रॅमजवळचा एक कपॅसिटर उलटा बसवलाय. आसूसने डिसेंबरअखेर मान्य केलं की एका उत्पादन रांगेवर तो उलटा लागला होता, आणि बदलून देण्याची योजना जाहीर केली. २०२२ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगामार्फत तिथले सुमारे १०,००० बोर्ड अधिकृतपणे परत मागवले गेले. सगळी वीसेक फेजची तटबंदी जागेवर होती आणि एक छोटा भाग उलटा होता.

इंटेलऐवजी एएमडीचा प्रोसेसर घेतला असता तर बरं झालं असतं, असंही वाटून घेऊ नकोस. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याचे फोटो येऊ लागले. रॅमचं एक्सपो प्रोफाइल, म्हणजे एएमडीकडचं एक्सएमपी, चालू केलं की काही बोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला (रॅमचा नियंत्रक यातच असतो) जास्त व्होल्टेज देत होते. मग एएमडीने ते १.३ व्होल्टवर बांधून टाकलं. त्या गोंधळात आसूसने दुरुस्तीचं जे बीटा बायोस दिलं, त्याच्या पानावर 'हे वापरलंत तर वॉरंटी जाईल' अशा अर्थाची सूचना होती. ओरड झाल्यावर मे महिन्यात कंपनीला जाहीर करावं लागलं, की एक्सपो, एक्सएमपी आणि बीटा बायोस वापरणाऱ्यांनाही वॉरंटी लागू आहे. हे मुद्दाम सांगते, कारण तुझ्या काउंटरवर "एक्सएमपी केलंस ना, मग वॉरंटी गेली" हे वाक्य येऊ शकतं. तसं कुणी म्हटलं तर तोंडी ऐकून घेऊ नकोस, लेखी माग.

आणि हे सगळं अलीकडचंच आहे असंही नाही. ३१ जानेवारी २०११ ला इंटेलने आपल्या सहाव्या मालिकेच्या चिपसेटमध्ये दोष असल्याचं जाहीर केलं. त्यातले साटा पोर्ट, म्हणजे हार्ड डिस्क जोडायच्या जागा, काळानुसार कमजोर होत होते. स्वस्त, महाग, सगळ्या कंपन्यांच्या बोर्डांवर चिपसेट तोच, म्हणून सगळेच परत गेले. दुरुस्ती आणि बदलीचा अंदाज तेव्हा ७० कोटी डॉलरचा होता.

आता कामाला लाग. क्रम महत्त्वाचा आहे, एका वेळी एकच गोष्ट बदल आणि प्रत्येक टप्प्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेव. पुढे तोच तुझा पुरावा होणार आहे.

आधी बोर्ड कंपनीच्या साइटवरून तुझ्या नेमक्या मॉडेलचं ताजं बायोस घे, मायक्रोकोड ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा आहे ना ते वाच आणि अपडेट कर. सांगलीत अपडेटच्या मध्येच लाईट जाऊ शकते, तेव्हा यूपीएसवरच कर. त्यानंतर इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज निवड, एक्सएमपी बंद ठेव आणि दोन-तीन दिवस नेहमीसारखं काम कर. या अवस्थेतही मशीन पडत असेल, तर ओव्हरक्लॉकचा आरोप तिथेच संपतो.

रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर चालव. एकही चूक निघाली तर एकेक पट्टी वेगळी लावून तपास. चूक निघाली नाही तर रॅम बाजूला कर आणि प्रोसेसरकडे ये.

प्रोसेसरची झीज ओळखायची एक खूण आहे, जी तू बहुधा पाहिलीही असशील: ग्राफिक्स ड्रायव्हरची मोठी फाइल इन्स्टॉल होताना मधेच फसते, किंवा सेव्हन-झिपने मोठी फाइल उघडताना डेटा चुकल्याचा मेसेज येतो, आणि तीच फाइल दुसऱ्या मशीनवर बिनतक्रार उघडते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये WHEA-Logger नावाच्या नोंदी शोध. त्या हार्डवेअरच्या चुकांच्या असतात, प्रोसेसरच्या अंतर्गत चुकाही त्यातच येतात. नुसती कर्नल-पॉवर ४१ ही नोंद बघून मात्र काही ठरवू नकोस. मशीन अचानक बंद झालं एवढंच ती सांगते, लाईट गेल्यावरही तीच येते.

मग खरी चाचणी. बायोसमध्ये परफॉर्मन्स कोअरचा गुणक सगळ्यांसाठी ५३ वर आण. म्हणजे ते ५.३ गिगाहर्ट्झच्या वर जाणार नाहीत. आता जो गेम सुरू होताना हमखास पडायचा, तोच लाव. जे एक्स्पोर्ट तुटायचं, तेच कर. ५३ वर सगळं सुरळीत आणि मूळ सेटिंगवर परत क्रॅश, असं दोन-तीनदा अदलाबदल करून दिसलं, तर प्रोसेसर झिजला आहे असं मी धरेन. शक्य असेल तर ओळखीच्या कुणाचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर तासाभरासाठी तुझ्या बोर्डावर लावून बघ, तो त्याच सॉकेटमध्ये बसतो. त्यावर मशीन नीट चाललं तर बोर्डावरचा उरलासुरला संशयही जातो. या बायोस आवृत्तीला तो चालतो का, हे आधी बोर्ड कंपनीच्या प्रोसेसरांच्या यादीत बघून घे.

एक सावधगिरी. प्रोसेसर काढायच्या आधी आणि काढल्यावर सॉकेटचे स्वच्छ उजेडात, जवळून फोटो घे. आत दीड हजारांहून जास्त बारीक पिना असतात आणि एखादी वाकलेली दिसली तर सर्व्हिस सेंटर "तुम्ही वाकवली" म्हणून बोर्ड परत करतं. दुकानात कुणाला काढायला दिलास, तर समोर उभा राहा.

वीजही तपासून घे, विशेषतः ५३ वरही क्रॅश झाले तर. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर भिंतीवरच्या त्या पॉइंटला बहुधा नीट अर्थिंग नाही, आणि महागडं सर्ज प्रोटेक्टर लावूनही पुरतं संरक्षण मिळत नाही, कारण वाढीव व्होल्टेज जमिनीत जायला वाट नसते. वायरमन बोलावून मीटरने मोजून घे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर आकडा दिसला तर आधी ते दुरुस्त कर. एसएमपीएस किती वॉटचा आहे ते तू लिहिलं नाहीस. असं मशीन आणि १६ जीबीचं कार्ड असेल तर चांगल्या प्रतीचा ८५० वॉटचा हवा, आणि प्रोसेसरच्या आठ पिनी दोन्ही केबल पूर्ण आत बसलेल्या हव्यात. नवा बोर्ड घाईत जोडताना त्यातली एक अर्धवट राहून जाते.

समज, प्रोसेसर दोषी निघाला. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने या दोन पिढ्यांच्या डबाबंद प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली. तुझा त्यात बसतो. डबा, बिल आणि डब्यावरचे एफपीओ व एटीपीओ हे दोन क्रमांक हाताशी ठेव. दावा इंटेलकडे थेट ऑनलाइन करता येतो, दुकानदाराच्या मर्जीवर थांबायची गरज नाही. प्रोसेसर डब्याशिवाय, नुसता ट्रेमधला दिला असेल, तर जबाबदारी विकणाऱ्याची. अशा वेळी बिलावर काय लिहिलंय ते फार महत्त्वाचं ठरतं. बिलच "कच्चं" असेल तर आजच पक्कं मागून घे.

बोर्डाचं बोलायचं तर बदलून आलेल्या बोर्डाचा सीरियल नंबर बघ. तो जुन्या नंबरच्या जागी तुझ्या नावावर नोंदलाय का आणि उरलेली वॉरंटी किती, हे कंपनीच्या साइटवर तपास. बदलून मिळणारा बोर्ड पुष्कळदा दुरुस्त केलेला असतो. त्यात गैर काही नाही, पण त्याची वॉरंटी कुठून मोजली जाते हे तुला माहीत असायला हवं.

कुणी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तिथे तक्रार नोंदवली की बहुतेक कंपन्यांचं उत्तर येतं. तरी अडलं, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तू सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतोस. दुकान पुण्यात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असलं, ऑनलाइन खरेदी असली, तरी तू राहतोस तिथे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत हवी. "तू यावर धंदा करतोस, म्हणजे ग्राहक नाहीस" असं कुणी म्हटलं तर घाबरू नकोस. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने ग्राहकाचीच खरेदी ठरते, आणि तू लग्नाचे व्हिडिओ करून नेमकं तेच करतोस.

बाबांबद्दल. तुझ्या पत्रात मशीनपेक्षा जास्त त्रास तिथे दिसतो. त्यांना वाटतंय की गेमच्या नादात पैसे बुडाले, आणि दुकानदाराच्या "ओव्हरक्लॉक केलंस" ने त्यावर शिक्का बसला. त्यांच्याशी वाद घालू नकोस. ही चाचणी त्यांच्या समोर कर. ५३ वर चालणारं आणि मूळ सेटिंगवर पडणारं मशीन त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. नंतर वॉरंटीचं पान वाचून दाखव: चूक कंपनीने कबूल केलेली आहे आणि बदली फुकट आहे. ज्या माणसाने कष्टाचे पैसे दिलेत त्याला हिशेब मागायचा हक्क आहे, आणि तुझ्याकडे तो देण्यासारखा आहे. जमलं तर आयोगाच्या किंवा सर्व्हिस सेंटरच्या कामाला त्यांनाच सोबत घे. काउंटरवर वडीलधारं माणूस शांतपणे उभं असलं की उत्तरं नीट मिळतात, हे आपल्याकडचं वास्तव आहे.

पुढेमागे खरंच बोर्ड घ्यायची वेळ आली, तर मधल्या किमतीचा घे. प्रोसेसरची अधिकृत वॉट मर्यादा आरामात पेलणारी वीजयंत्रणा, पेनड्राइव्हवरून बायोस भरायची सोय, तुझ्या रॅमचं नाव कंपनीच्या तपासलेल्या रॅमच्या यादीत, आणि बायोस अपडेट नियमित येत असल्याची साइटवरची नोंद. एवढं जमलं की उरलेले पैसे चांगल्या एसएमपीएसला आणि यूपीएसला लाव. बाजारात नवीन आलेलं मॉडेल पहिले चार-सहा महिने घेऊ नकोस. उलट्या कपॅसिटरसारख्या चुका त्याच काळात उघड्या पडतात.

नवा प्रोसेसर आला की पहिल्या दिवसापासून इंटेल डिफॉल्ट सेटिंग्जवरच चालव, एक्सएमपी नंतर, सगळं आठवडाभर नीट चाललं तरच. वॉरंटीच्या बदलीला किती दिवस लागतील ते पाठवण्याआधी लेखी विचारून घे आणि लग्नाच्या तारखा बघून पाठव. तोवर ५३ वर मशीन टिकत असेल तर एडिटिंग त्यावरच उरक. एक्स्पोर्टला थोडी मिनिटं जास्त लागतील. मूळ फाइलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर आजच काढ, कारण चुकणारा प्रोसेसर फाइल कॉपी करतानाही चुकू शकतो, आणि लोकांच्या लग्नाचं शूटिंग परत होत नाही.